आयडाहोचे अठरा प्रतिनिधी: हिलरी क्लिंटन यांची २००८ची उमेदवारी कशी हातची गेली

५ फेब्रुवारी २००८. अमेरिकेतल्या बावीस राज्यांत त्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारासाठी मतदान झालं. न्यू जर्सीत हिलरी क्लिंटन यांनी बराक ओबामांना एक लाखाहून जास्त मतांनी हरवलं. न्यू जर्सी म्हणजे एडिसनचं राज्य; मराठी घरांत कुणाचा ना कुणाचा भाऊ, भाची तिथे असतेच. दाट वस्तीचं, पक्षाचा बालेकिल्ला असलेलं, पक्षाचा उमेदवार ठरवणारे १०७ प्रतिनिधी निवडून देणारं राज्य. त्याच संध्याकाळी आयडाहोत, जिथे डेमोक्रॅट शोधून काढावा लागतो, एकवीस हजारांच्या आसपास माणसं कॉकसला, म्हणजे पक्षाच्या मतदान-सभेला, जमली आणि त्यांतल्या जवळपास ऐंशी टक्क्यांनी ओबामांना पसंती दिली. आयडाहोचे प्रतिनिधी अवघे अठरा.

न्यू जर्सीची वाटणी झाली ५९ विरुद्ध ४८, म्हणजे क्लिंटन यांना अकराची आघाडी. आयडाहोची झाली १५ विरुद्ध ३, म्हणजे ओबामांना बाराची. अकरा लाखांवर लोकांनी मतदान केलेल्या राज्यातली कमाई एकवीस हजारांच्या राज्याने एका संध्याकाळी पुसून टाकली, वर एक जास्तच घेतला.

या निवडणुकीची गोष्ट बहुतेक वेळा ओबामांच्या बाजूने सांगितली जाते: नवा चेहरा, भारावून टाकणारं वक्तृत्व, बदलाची लाट. त्यात खोटं काही नाही. पण नुसती लाट असती तर निकाल महिन्याभरात लागला असता. प्रत्यक्षात लढत जूनपर्यंत चालली आणि दोघांनाही पावणेदोन कोटींच्या घरात मतं पडली. पैसा, नाव, पक्षातली ओळख हे सगळं हाताशी असलेली उमेदवार इतक्या अटीतटीच्या लढतीत हरते, तेव्हा कारणं तिच्या प्रचार कार्यालयातही शोधावी लागतात. मला ती तिथेच जास्त सापडतात. लढत ५ फेब्रुवारीला संपणार, असं या मोहिमेने धरून चाललं होतं. पैसा, माणसं, संदेश, वेळापत्रक, सगळं त्या तारखेपर्यंत आखलेलं होतं. ६ फेब्रुवारीला काय करायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

सुरुवातीची श्रीमंती

क्लिंटन यांनी २० जानेवारी २००७ला आपल्या संकेतस्थळावर चित्रफीत टाकून उमेदवारी जाहीर केली. आपण जिंकण्यासाठीच उतरलो आहोत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. राष्ट्रीय पाहण्यांत त्या वर्षभर पुढे होत्या. पक्षाचे नेते आणि लोकप्रतिनिधी, ज्यांना तेव्हा स्वतःचं मत कुणालाही देता येत असे आणि ज्यांना सुपरडेलिगेट म्हणतात, त्यांच्यातही सुरुवातीला त्यांचीच बाजू भक्कम होती.

अशा वेळी हात सैल सुटतो. २००६ साली न्यूयॉर्कमधून सिनेटवर पुन्हा निवडून येताना क्लिंटन यांना आव्हान असं नव्हतंच, तरी त्या निवडणुकीवर तीन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. उरले त्यातले एक कोटी अध्यक्षीय मोहिमेकडे वळवले गेले. २००७ मध्ये दोन्ही छावण्यांनी प्रत्येकी दहा कोटींच्या वर निधी गोळा केला, म्हणजे आकडे तोडीस तोड होते. फरक देणाऱ्यांत होता. कायद्याप्रमाणे एका व्यक्तीला प्राथमिक फेरीसाठी फार तर २,३०० डॉलर देता येत. क्लिंटन यांचे बरेच देणगीदार मोठे होते. त्यांनी पहिल्याच झटक्यात ती मर्यादा गाठली आणि पुढे इच्छा असूनही त्यांना काही देता येईना. ओबामांना पंचवीस-पन्नास डॉलर देणारे लाखो होते, आणि त्यांच्याकडे दर महिन्याला पुन्हा मागता येत होतं. जानेवारी २००८ मध्ये ओबामांकडे तीन कोटी वीस लाख डॉलर आले, क्लिंटन यांच्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. लांबलेल्या लढतीत दुसरा प्रकार टिकतो. पण लढत लांबणार हे मुळात कुणी धरलेलंच नव्हतं.

आयोवाचा घोळ

मे २००७ मध्ये क्लिंटन यांचे उपप्रचारप्रमुख माइक हेन्री यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. आयोवा हे आपलं सगळ्यांत कच्चं राज्य आहे, तिथे पैसा आणि उमेदवाराचा वेळ ओतला तर मोहिमेचं दिवाळं निघू शकतं आणि हाती फारसं काही लागणार नाही. त्यापेक्षा आयोवा सोडावं आणि पुढच्या मोठ्या राज्यांवर भर द्यावा, असा त्याचा सारांश होता. टिपण फुटलं आणि वर्तमानपत्रांत छापून आलं. झालं, आता आयोवा सोडणं म्हणजे घाबरून पळ काढणं ठरणार होतं. क्लिंटन यांना आपण आयोवा लढवणारच असं जाहीर करावं लागलं.

हेन्री बरोबर होते का? आयोवा सोडून देण्याचा सल्ला मला आजही धोक्याचा वाटतो, कारण पहिल्या राज्यात गैरहजर राहिलेल्या उमेदवाराला पुढे उभं राहणं जड जातं. पण त्यांनी खर्चाबद्दल मांडलेला प्रश्न रास्त होता, आणि टिपण फुटल्याच्या गोंधळात नेमकी तीच चर्चा राहून गेली. आयोवा सोडायचं नाही, एवढंच ठरलं. तिथे खर्च केल्यावर पुढच्या राज्यांसाठी किती उरेल, हे ठरलं नाही.

आयोवाची पद्धत जवळून पाहिली की क्लिंटन यांची अडचण लक्षात येते. तिथल्या डेमोक्रॅटांत त्या वेळी गुप्त मतदान नव्हतं. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, संध्याकाळी सातच्या सुमारास, शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या सभागृहात किंवा वाचनालयात त्या भागातले लोक जमत. एका कोपऱ्यात ओबामांचे, दुसऱ्यात क्लिंटन यांचे, तिसऱ्यात तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांचे समर्थक उभे राहत आणि डोकी मोजली जात. एखाद्या कोपऱ्यात साधारण पंधरा टक्केही माणसं भरली नाहीत तर तो गट बाद, आणि मग बाकीचे त्या माणसांना गळ घालून आपल्याकडे ओढत. शेजारी शेजाऱ्याला समजावतो, बाई आपल्या मुलाच्या शिक्षकाला हाक मारते. ३ जानेवारी २००८च्या रात्री अशा सभा १,७८१ ठिकाणी भरल्या. इथे लोकांची दुसरी पसंती कोण आहे याला फार किंमत येते, आणि ती मिळवायला प्रत्येक गावात महिनोन्‌महिने राहिलेला, नावानिशी ओळखणारा कार्यकर्ता लागतो. क्लिंटन यांच्याबद्दल लोकांची मतं आधीच पक्की झालेली होती. त्या कुणाची पहिली पसंती नसल्या तर दुसरी असण्याची शक्यताही कमी होती.

त्यात इराकचा प्रश्न. ऑक्टोबर २००२ मध्ये क्लिंटन यांनी सिनेटमध्ये युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं, आणि ते चुकलं असं त्या २००७ मध्येही स्पष्ट म्हणायला तयार नव्हत्या. एडवर्ड्स यांनीही तसंच मत दिलं होतं, पण त्यांनी चूक कबूल केली होती. ओबामा त्याच महिन्यात शिकागोच्या सभेत युद्धाविरुद्ध बोलले होते. आयोवातल्या कॉकसला जाणारा डेमोक्रॅट युद्धावर चिडलेला होता. त्याला क्लिंटन यांच्याकडून एक सरळ वाक्य हवं होतं, ते मिळालं नाही.

त्या रात्री सुमारे २ लाख ३९ हजार डेमोक्रॅट आले. २००४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास आले होते. क्लिंटन यांच्या लोकांनी नेहमीच्या मतदाराची यादी धरून हिशेब केला होता. आलेल्यांत पहिल्यांदाच कॉकसला येणारे प्रचंड होते आणि त्यांना ओबामांच्या तरुण कार्यकर्त्यांनी आणलं होतं. निकाल: ओबामा साडेसदतीस टक्क्यांवर, एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.५. तिसऱ्या. नंतर खर्चाचे तपशील जाहीर झाले तेव्हा आयोवातल्या मेजवानीच्या थाळ्यांवर आणि किराण्यावर सुमारे एक लाख डॉलर गेल्याचं दिसलं. एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ होती. पण पुढे पाच आठवड्यांत ज्या राज्यांत कार्यालयाचं भाडं भरायला पैसे नव्हते, तिथल्या कार्यकर्त्यांना ती किरकोळ वाटली नसेल.

नियमांचं पुस्तक

न्यू हॅम्पशरने ८ जानेवारीला क्लिंटन यांना वाचवलं. पोर्ट्‌समथच्या एका कॅफेत एका बाईच्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांचा आवाज भरून आला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पाहण्या खोट्या ठरवून त्या जिंकल्या. बातमी प्रचंड मोठी होती. प्रतिनिधी मात्र दोघांना नऊ-नऊ. नेवाडातही त्यांना पाठिंबा जास्त, आणि प्रतिनिधी १२ विरुद्ध १३. एक ओबामांना जास्त. इथेच कुणीतरी टेबलावर हात आपटून विचारायला हवं होतं की आपण जिंकतो आहोत, मग बेरीज का वाढत नाही?

उत्तर नियमांत होतं. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकणाऱ्याला सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत, ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात आणि त्यातले बहुतेक एकेका मतदारसंघात वेगळे वाटले जातात. समजा एका मतदारसंघात चार प्रतिनिधी आहेत आणि लढत दोघांत आहे. पंचावन्न टक्के मतं मिळाली तरी वाटणी दोन-दोन. साठ टक्के मिळाली तरी दोन-दोन. तीन-एक व्हायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावं लागतं. म्हणजे मोठ्या राज्यात आठ-दहा टक्क्यांनी जिंकून हाती थोडंच लागतं. उलट छोट्या राज्यात समोरच्याने लढतच दिली नाही आणि तुम्ही पंच्याहत्तर-ऐंशी टक्के घेतले, तर जवळजवळ सगळं तुमचं. विजयापेक्षा फरकाला किंमत.

ओबामांच्या छावणीत प्रचारप्रमुख डेव्हिड प्लफ आणि प्रतिनिधींचा हिशेब पाहणारे जेफ बर्मन यांनी हे गणित पहिल्यापासून धरलं होतं. म्हणून तर ५ फेब्रुवारीच्या तीन दिवस आधी, कॅलिफोर्नियासारखं राज्य दारात असताना, ओबामा आयडाहोतल्या बॉइझीला गेले आणि तिथे चौदा हजारांच्या आसपास लोक जमले. क्लिंटन यांच्या छावणीत हे नियम कुणाला ठाऊक नव्हते असं अजिबात नाही. हॅरल्ड आयकीस हे त्यांचे सल्लागार पक्षाच्या नियम समितीवरच होते. त्या पुस्तकातलं पान अन् पान त्यांना माहीत होतं. पण मोहिमेची दिशा ठरवत होते मार्क पेन, आणि त्यांची नजर मोठ्या राज्यांवर होती. कॅलिफोर्निया जिंकलं की सगळेच प्रतिनिधी आपले, असं पेन एका बैठकीत म्हणाल्याची बातमी पुढे छापून आली. पेन यांनी ती नाकारली. ते वाक्य खरं असो वा नसो, पैसा मात्र ते खरं असल्यासारखाच खर्च झाला.

५ फेब्रुवारीला क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स घेतलं. त्याच दिवशी मिनेसोटा, कोलोरॅडो, कॅन्सस, आयडाहो, नॉर्थ डाकोटा आणि अलास्का या सहा राज्यांत ओबामांनी कॉकस जिंकले. मिनेसोटात वाटणी ४८ विरुद्ध २४, कॅन्ससमध्ये २३ विरुद्ध ९. या सहा राज्यांतूनच ओबामांची निव्वळ आघाडी साठहून जास्त झाली. शेवटी निवडून आलेल्या प्रतिनिधींत दोघांतलं अंतर शंभराच्या थोडंसंच वर राहिलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाकीच्या बऱ्याच चर्चेची गरज उरत नाही.

कॉकसबद्दल क्लिंटन यांची तक्रार होती की रात्रपाळीची नर्स, हॉटेलातली कामगार, लहान मुलांची आई अशा सभांना येऊ शकत नाही. तक्रार अगदी खरी आहे आणि मला ती मनापासून पटते. ठरावीक वेळी दोन-दोन तास उभं राहायला लावणारी पद्धत कष्टकऱ्यांवर अन्याय करते. पण ही पद्धत वर्षभर आधीपासून जाहीर होती. ती बदलणं मोहिमेच्या हातात नव्हतं, तिच्यासाठी माणसं उभी करणं हातात होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की क्लिंटन यांनी जानेवारीच्या शेवटी स्वतःचे पन्नास लाख डॉलर मोहिमेला उसने दिले होते. वरिष्ठांपैकी काही जण बिनपगारी काम करत होते. आणि समोर लुइझियाना, नेब्रास्का, वॉशिंग्टन, मेन, व्हर्जिनिया, मेरीलँड, विस्कॉन्सिन, हवाई अशी रांग होती, जिथे धड कार्यालयंही उघडलेली नव्हती. परदेशातल्या डेमोक्रॅटांचं मतदान धरून ओबामांनी सलग अकरा लढती जिंकल्या. उमेदवारी खऱ्या अर्थाने गेली ती या दोन आठवड्यांत.

निर्णय कुणाचा?

प्रचारप्रमुख पॅटी सोलिस डॉइल या क्लिंटन यांच्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या विश्वासू. तिजोरीची सूत्रं त्यांच्याकडे. मुख्य रणनीतीकार पेन. त्याच वेळी ते एका मोठ्या जनसंपर्क कंपनीचे प्रमुखही होते, आणि मोहिमेच्या जनमत पाहण्याही तेच करत. ही रचना मला या प्रकरणातली सगळ्यांत घातक गोष्ट वाटते. संदेश ठरवणाराच तो संदेश चालतो की नाही हे मोजणार असेल, तर तो चालत नाही ही बातमी उमेदवारापर्यंत पोचणार कशी? पेन यांचा संदेश होता अनुभव आणि कणखरपणा. लोकांना बदल हवा होता हे इतरांना दिसत होतं. आयकीस आणि पेन यांचं जुनं वैर, डॉइल आणि पेन यांचं जमत नव्हतं, आणि या सगळ्यांच्या वर बिल क्लिंटन, ज्यांना आवरण्याची कुणाची टाप नव्हती. साउथ कॅरोलिनात ओबामा २६ जानेवारीला दुपटीहून जास्त मतांनी जिंकले, तेव्हा बिल यांनी कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सनही इथे दोनदा जिंकले होते याची आठवण काढली. कृष्णवर्णीय मतदारांनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

भांडणं प्रत्येक मोहिमेत असतात. ती मिटवायची जबाबदारी शेवटी उमेदवाराची असते, आणि क्लिंटन यांनी ती महिनोन्‌महिने टाळली. डॉइल यांना त्यांनी १० फेब्रुवारीला हटवून मॅगी विल्यम्स यांना आणलं. पेन गेले ते एप्रिलमध्ये, तेही रणनीती फसली म्हणून नव्हे. कोलंबियाशी व्हायच्या व्यापार कराराला क्लिंटन यांचा विरोध असताना पेन त्या देशाच्या राजदूताला आपल्या कंपनीच्या वतीने भेटले म्हणून.

ओबामांची छावणीही चुकली. जून २००७ मध्ये त्यांच्या लोकांनी पत्रकारांना दिलेल्या एका टिपणात क्लिंटन यांच्या नावापुढे त्यांचं राज्य म्हणून पंजाब लिहिलं होतं. भारतीयांशी असलेल्या त्यांच्या संबंधांवरचा तो हीन टोमणा होता आणि अमेरिकेतल्या भारतीयांना तो झोंबला. ओबामांनी ती मूर्खपणाची चूक होती असं सांगून जबाबदारी घेतली आणि विषय थोडक्यात संपला. क्लिंटन यांनी मार्च २००८ मध्ये बोस्नियातल्या तुझ्ला विमानतळावर आपण गोळीबारात उतरलो होतो असं सांगितलं. शांतपणे स्वागत स्वीकारतानाचं चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं, तरी बोलण्यात चूक झाली हे म्हणायला त्यांना काही दिवस लागले.

उशिरा आलेली ताकद

मार्चपासूनच्या क्लिंटन वेगळ्याच होत्या. ओहायो, पेनसिल्व्हेनियात त्या कारखान्यांच्या गावांतून फिरल्या, नोकऱ्या आणि औषधपाण्याच्या खर्चाबद्दल बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या सभांत जीव आला. पेनसिल्व्हेनिया त्यांनी नऊ टक्क्यांच्या फरकाने घेतलं. पण गणित तेच. टेक्ससमध्ये दिवसा प्रायमरी, म्हणजे नेहमीसारखं गुप्त मतदान, आणि रात्री कॉकस अशी दुहेरी पद्धत होती. क्लिंटन प्रायमरी जिंकल्या, आणि दोन्ही मिळून प्रतिनिधी निघाले ९४ विरुद्ध ९९.

राहिले फ्लोरिडा आणि मिशिगन. या राज्यांनी नियम मोडून तारखा अलीकडे ओढल्या म्हणून पक्षाने ऑगस्ट २००७ पासून त्यांचे प्रतिनिधी रद्द ठरवायला सुरुवात केली, आणि फ्लोरिडाच्या शिक्षेच्या बाजूने समितीत आयकीस यांनी स्वतः हात वर केला होता. मिशिगनच्या मतदानाला काही अर्थ नाही असं क्लिंटन त्या ऑक्टोबरमध्ये रेडिओवर म्हणाल्या होत्या. लढत ५ फेब्रुवारीला संपणार असेल तर ही दोन राज्यं गेली काय आणि राहिली काय! मे २००८ मध्ये त्याच प्रतिनिधींसाठी त्यांना भांडावं लागलं. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचं नावही नव्हतं. ३१ मेला समितीने दोन्ही राज्यांना निम्मा निम्मा मतहक्क दिला. तेवढ्याने काही बदललं नाही. ३ जूनला ओबामांची बेरीज पूर्ण झाली, ७ जूनला क्लिंटन यांनी वॉशिंग्टनमध्ये माघारीचं भाषण केलं. ते त्यांच्या आयुष्यातल्या उत्तम भाषणांपैकी एक आहे; स्त्रीला अडवणाऱ्या काचेच्या छताला आता एक कोटी ऐंशी लाख तडे गेले आहेत, असं त्या म्हणाल्या तेव्हा सभागृहात अनेकांचे डोळे भरले होते.

पुढच्या वेळी, २०१५ मध्ये, क्लिंटन यांनी प्रतिनिधींचं गणित सांभाळायला ज्यांना नेमलं ते जेफ बर्मन, सात वर्षांपूर्वीचे ओबामांचे. प्रचारप्रमुख झाले रॉबी मूक, ज्यांनी २००८ मध्ये त्यांच्यासाठी नेवाडा सांभाळलं होतं. या वेळचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी २०१६ मध्ये बरेच कॉकस जिंकले, पण दक्षिणेतल्या राज्यांत क्लिंटन यांनी नुसता विजय नव्हे, मोठा फरक मिळवला. मिसिसिपीत त्यांना ब्याऐंशी टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि प्रतिनिधींची वाटणी झाली ३१ विरुद्ध ५.